मुक्या प्राण्यांकरितां मतदान

सन १८९३ च्या ऑगस्ट महिन्याची २० तारीख, रविवारचा दिवस. स्वित्झर्लंडमधील मतदार, अर्थात् पुरुषच, कारण बायकांना तेथें तेव्हां मत नव्हतें, आपापल्या गांवीं मत देण्यास जमले होते. त्यांच्यापुढें आलेला प्रश्न कराचा नव्हता, लढाईचा नव्हता, कीं कोणास निवडून द्यावें असाहि नव्हता. खाटिकखान्यांत जनावराच्या मानेवर सुरी चालविण्यापूर्वीं त्यास बेशुद्ध केलेंच पाहिजे कीं नाहीं, एवढाच तो प्रश्न होता. गोठ्यांतील आणि खुराड्यांतील प्राण्यांना माणसानें कसें वागवावें, हें राजाज्ञेनें किंवा धर्माज्ञेनें न ठरवितां उघड मतें मोजून ठरविण्याचा जो उद्योग त्या देशांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, त्याचा आरंभ त्या रविवारापासून धरावा लागतो. त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. ती सर्वस्वीं गोड नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

प्रथम त्या देशाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. स्वित्झर्लंड हा देश आकारानें आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनहि लहान. त्यांत कँटन नांवाचे स्वायत्त घटक आहेत. तेथील कायदेमंडळ कायदे करतें हें खरें. परंतु राज्यघटनेंत कानामात्रेचाहि फेरफार करावयाचा झाल्यास तो सर्व मतदारांपुढें मांडावाच लागतो. शिवाय १८९१ सालीं असा नियम झाला कीं, पन्नास हजार मतदारांनीं सह्या करून एखाद्या कलमाची मागणी केली, तर सरकारला तें आवडो वा न आवडो, त्यावर मतें घेतलींच पाहिजेत. प्रस्ताव मंजूर व्हावयाचा तर एकंदर मतांचें बहुमत हवें आणि कँटनांचेंहि बहुमत हवें. कांहीं कँटनांचें मत अर्धें धरण्याची तेथें पद्धति आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण या कथेंत अर्ध्या कँटनाला बरेंच महत्त्व आहे. पुढें स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर, १९७७ सालीं, सह्यांचा आंकडा एक लाखावर नेण्यांत आला.

जनतेनें आपण होऊन प्रस्ताव मांडण्याचा हा नवा हक्क हातीं आल्यावर त्याखालीं मतदानास आलेला पहिला प्रश्न म्हणजे हा जनावरांचा. वरवर पाहणारास वाटेल कीं, काय हें सुसंस्कृत राष्ट्र! स्वतःसाठीं कांहीं मागण्यापूर्वीं त्यानें मुक्या प्राण्यांसाठीं मागितलें. पण इतिहासाचें पुस्तक थोडें जवळ धरून वाचलें कीं निराळीं अक्षरें दिसूं लागतात.

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणें जनावर शुद्धीवर असतांनाच अत्यंत धारदार सुरीनें त्याचा गळा चिरावा लागतो. आधीं डोक्यांत घाव घालून त्यास बेशुद्ध केल्यास तें मांस निषिद्ध ठरतें. आपल्याकडे हलाल आणि झटका यांतील भेद लोकांस ठाऊक आहे. आणि कोंकणांतील ज्या बेने इस्रायल मंडळींना गांवकरी शनवार तेली म्हणत, त्यांच्या शेजारीं ज्यांनीं दिवस काढले असतील त्यांस ज्यूंच्या या पथ्याचीहि ओळख असेल. स्वित्झर्लंडमधील प्राणिसंरक्षक मंडळ्यांचें म्हणणें असें कीं, ही रीत क्रूर आहे. बर्न आणि आरगाव या कँटनांनीं तिला मनाई केली. ज्यूंनीं वरिष्ठांकडे दाद मागितली, आणि संघसरकारनें घटनेंतील धर्मस्वातंत्र्याच्या कलमाकडे बोट दाखवून ही मनाई उठविली. तेव्हां मंडळ्यांनीं सह्यांचें नवें हत्यार उपसलें. पन्नास हजारांची जरूरी असतां ऐंशी हजारांहून अधिक सह्या जमल्या. सरकार आणि कायदेमंडळ या दोघांनींहि प्रस्ताव फेटाळावा अशी शिफारस केली. पण लोकांनीं ती मानली नाहीं. १,९१,५२७ मतें अनुकूल पडलीं, १,२७,१०१ प्रतिकूल. कँटनांपैकीं साडेअकरा बाजूनें, साडेदहा विरुद्ध. म्हणजे केवळ एक अर्धा कँटन इकडचा तिकडे झाला असता तर अकरा विरुद्ध अकरा अशी बरोबरी होऊन प्रस्ताव पडला असता.

आतां हीं मतें कोठें पडलीं तें पाहूं. जर्मन भाषा बोलणाऱ्या भागानें प्रस्ताव उचलून धरला. आरगावमध्यें तर शेंकडा नव्वदांच्या घरांत मतें अनुकूल पडलीं. फ्रेंच आणि इटालियन भाषा बोलणाऱ्या कँटनांनीं तो साफ झिडकारला. गाय तीच, सुरी तीच. मग तिच्याविषयींची करुणा भाषेच्या सीमेवर येऊन कां थबकावी? आरगाव हाच तो कँटन कीं ज्यांतील एंडिंगेन आणि लेंगनाउ या दोन खेड्यांबाहेर ज्यूंना पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करूं दिली जात नव्हती. देशांत कोठेंहि राहण्याची मुभा त्यांस मिळाली ती १८६६ सालीं, आणि पूर्ण उपासनास्वातंत्र्य १८७४ च्या घटनेनें. म्हणजे या मतदानाच्या वेळीं त्यांचें नागरिकत्व अवघें एका पिढीचें होतें. साऱ्या देशांत त्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास, आणि देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या घरांत. या मूठभर लोकांच्या आहारासाठीं मारलीं जाणारीं जनावरें एकंदर कत्तलीच्या मानानें कितीशीं असणार? पूर्वेकडून येणाऱ्या ज्यूंविषयींचा तिरस्कार त्या काळीं जर्मन मुलखांत बोकाळला होता, आणि प्रचाराच्या पत्रकांतून तो स्वच्छ उमटला होता.

असें असलें तरी त्या चळवळींतील प्रत्येक माणूस द्वेष्टा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. जनावराच्या वेदनेनें खरोखर अस्वस्थ होणारे लोक तिच्यांत होते. अडचण हीच आहे कीं, मतपेटींत चिठ्ठी पडल्यावर ती कोणत्या भावनेनें पडली हें मोजतां येत नाहीं. करुणेची चिठ्ठी आणि द्वेषाची चिठ्ठी शेजारींशेजारीं पडतात आणि एकाच बेरजेंत जातात. वर्गांत फ्रान्सची राज्यक्रांति शिकवितांना एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें होतें कीं, बहुमत म्हणजे न्याय काय? त्या वेळीं मीं कांहींतरी सांगून वेळ निभावून नेली. स्वित्झर्लंडचा हा इतिहास तेव्हां वाचनांत असता तर त्याच्यापुढें हींच मतें मांडलीं असतीं आणि निर्णय त्याचा त्याला करावयास लाविला असता.

ती बंदी आजतागायत आहे. घटनेंतून ती पुढें कायद्यांत गेली, कोंबड्यांना तींतून वगळण्यांत आलें, आणि शास्त्रोक्त मांस परदेशांतून आणण्यास परवानगी आहे. ज्यूंबरोबर आतां तेथील मुसलमानांनाहि ती लागू पडते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें ती सैल करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हां इतकें काहूर उठलें कीं २००२ सालीं तो विचार सोडून द्यावा लागला. या खेपेस विरोध करणाऱ्या पुष्कळांच्या मनांत खरोखरच जनावराचें दुःख असावें. म्हणजे जो नियम वाईट हातांनीं पेरला गेला, त्याची निगा पुढें बऱ्या हातांनीं राखली, आणि त्यामुळेंच तो उपटणें अधिक कठीण झालें आहे.

त्यानंतर सुमारें ऐंशी वर्षें या बाबतींत फारसें सांगण्यासारखें घडलें नाहीं. तेवढ्यांत गोठाच बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडील देशांत पशुपालनास कारखान्याचें स्वरूप आलें. कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत, एकावर एक रचलेल्या. एकेकीच्या वांट्यास लिहिण्याच्या एका कागदाहूनहि कमी जागा. पंख पसरतां येऊं नयेत, माती उकरतां येऊं नये, अंडें घालण्यास आडोसा मिळूं नये. इंग्लंडांत रूथ हॅरिसन या बाईंनीं १९६४ सालीं या प्रकारावर पुस्तक लिहिलें. त्यांतून उठलेल्या खळबळीमुळें सरकारनें नेमलेल्या ब्रँबेल समितीनें दुसऱ्याच वर्षीं सांगितलें कीं, प्राण्यास निदान उभें राहतां आलें पाहिजे, बसतां आलें पाहिजे, अंगाभोंवतीं वळतां आलें पाहिजे, अंग चाटतां किंवा पिसें साफ करतां आलीं पाहिजेत आणि हातपाय ताणतां आले पाहिजेत. मागणी किती लहान, आणि ती करण्याची पाळी यावी हेंच किती मोठें!

स्वित्झर्लंडमध्यें १९७१ सालीं स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला. पुढें दोनच वर्षांनीं, १९७३ च्या डिसेंबरच्या २ तारखेस, प्राणिसंरक्षण ही संघराज्याची जबाबदारी ठरविणारें कलम मतदानास आलें आणि शेंकडा ८४ मतांनीं मंजूर झालें. १८९३ चें कलम या नव्या, व्यापक कलमानें घटनेंतून दूर केलें. त्यावर आधारलेला कायदा ३ डिसेंबर १९७८ रोजीं पुन्हां लोकांपुढें आला, तेव्हां शेंकडा ८१ हून अधिक मतें त्यास मिळालीं. १९८१ च्या जुलैपासून तो अंमलांत आला.

या कायद्याची मातब्बरी ‘क्रौर्य करूं नये’ या वाक्यांत नाहीं. असें वाक्य कोणत्याहि देशाच्या कायद्यांत सांपडतें आणि तें कोणासहि फारसें टोंचत नाहीं. याची मातब्बरी मापांत आहे. कोंबडीला घरटें हवें, बसण्यास दांडी हवी, इतकी जागा हवी, असे बारीकसारीक नियम त्याखालीं झाले. विकावयासाठीं तयार केले जाणारे गोठे आणि खुराडीं सरकारनें आधीं तपासून मान्य केल्यावांचून बाजारांत येऊं नयेत, असाहि निर्बंध घातला. पिंजरे बदलण्यास शेतकऱ्यांना दहा वर्षांची मुदत दिली होती. १९९१ अखेर ती संपली आणि तारेचे जुने पिंजरे त्या देशांतून नाहींसे झाले. सर्व जगांत अशी बंदी घालणारा हा पहिला देश. युरोपीय संघानें ती गोष्ट केली २०१२ सालीं, म्हणजे वीस वर्षांनीं. पिंजऱ्यांच्या जागीं मजल्यामजल्यांचीं मोकळीं घरें आलीं. त्यांत कोंबड्या उडून वरच्या दांड्यांवर बसतात, खालीं येऊन भुशांत उकरतात. एका जागीं अठरा हजारांहून अधिक अंड्यांच्या कोंबड्या किंवा दीड हजारांहून अधिक मांसाचीं डुकरें ठेवूं नयेत, अशीहि मर्यादा तेथें आहे. अंडें महाग झालें, हें निराळें सांगावयास नको. परदेशीं मालावरील जकातीचा आडोसा नसता तर तेथील शेतकरी या नियमांखालीं टिकला असता कीं नाहीं, याची मला शंकाच आहे. केवळ सद्भावनेचा हा विजय नव्हे. तिला तिजोरीची जोड मिळाली होती.

१९९२ सालीं घटनेंत एक नवाच शब्दप्रयोग आला. जीवजंतूंच्या आनुवंशिक घडणीवर केल्या जाणाऱ्या प्रयोगांविषयींच्या कलमांत ‘प्राणिमात्राची प्रतिष्ठा’ राखली पाहिजे असें लिहिलें गेलें आणि शेंकडा सुमारें ७४ मतदारांनीं त्यास मान्यता दिली. प्रतिष्ठा हा शब्द आपण माणसापुरता राखून ठेवितों. २००८ पासून अंमलांत असलेल्या नव्या प्राणिसंरक्षण कायद्यानें त्याची फोड केली आहे. ती अशी कीं, प्राण्यास वेदना देणें, भय घालणें हें तर वाईटच. पण त्याची मानहानि करणें, किंवा त्यास केवळ एक साधन म्हणून वापरणें, हाहि त्याच्या प्रतिष्ठेचा भंग होय.

एवढें चढत गेल्यावर लोक एका जागीं थांबले. २०१० च्या मार्चमध्यें प्रस्ताव आला कीं, प्राण्यांच्या वतीनें न्यायालयांत उभा राहणारा सरकारी वकील प्रत्येक कँटनांत असावा. झुरिक कँटनांत असा वकील होता. त्यानें एका गळ टाकणाऱ्या गृहस्थाविरुद्ध, एका मोठ्या माशास पाण्याबाहेर ओढण्यांत सुमारें दहा मिनिटें झुंजविलें म्हणून, खटला लढविला आणि तो हरला. या खटल्यानें लोकांची करमणूक झाली आणि प्रस्तावाचें नुकसान. शेंकडा ७० हून अधिक मतदारांनीं तो फेटाळला.

आतां गायीच्या शिंगांची गोष्ट. ती थोडी सावकाश सांगतों, कारण या साऱ्या इतिहासांत मला तीच अधिक विचार करावयास लाविते. आपल्याकडे बैल म्हटला कीं शिंगें आलींच. पोळ्यास किंवा बेंदरास शिंगें घासून, हिंगूळ लावून, बेगड चिकटवून, टोंकांस शेंब्या बसविल्याखेरीज शेतकऱ्याचें समाधान होत नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें प्रत्येक चित्रांत, प्रत्येक चॉकोलेटच्या वेष्टनावर शिंगांची गाय असते; आणि प्रत्यक्ष गोठ्यांत बहुसंख्य गायींना शिंगें नसतात. वासरूं कांहीं आठवड्यांचें असतांनाच, जागा बधिर करून, तापलेल्या लोखंडानें शिंगांचे कोंब जाळून टाकतात. मोकळ्या गोठ्यांत गायी एकमेकींस भोंसकूं नयेत, गवळ्यास इजा होऊं नये, हें त्याचें कारण.

आर्मिन कापाउल नांवाच्या एका डोंगराळ भागांतील शेतकऱ्यास हें पटेना. शिंग हा गायीच्या देहाचा जिवंत भाग आहे, त्यांत रक्त खेळतें, गायी एकमेकींशीं त्याच्या योगें बोलतात, असें तो म्हणे. आपण गायींशीं बोलतों असेंहि तो मोकळेपणीं सांगे, आणि वर्तमानपत्रांनीं तें हौसेनें छापलें. त्यानें सरकारकडे अर्ज केले. कोणी दाद दिली नाहीं. तेव्हां त्यानें स्वतःची पुंजी खर्चून सह्या गोळा करावयास सुरुवात केली आणि एक लाखाहून अधिक सह्या जमा झाल्या. त्याची मागणी मोठी समंजस होती. शिंगें जाळण्यास बंदी करा असें तो म्हणत नव्हता. जो शेतकरी शिंगें राखील त्यास जागा अधिक लागते, म्हणून सरकारनें थोडें अनुदान द्यावें, एवढेंच तो मागत होता.

सरकारनें दिलेलें उत्तर मात्र विचार करण्याजोगें होतें. शिंगांच्या गायी मोकळ्या गोठ्यांत ठेवावयाच्या तर जागा पुष्कळ लागते. अनुदानाच्या लोभानें शेतकरी शिंगें राखतील, पण जागा वाढविण्याऐवजीं गायींना दावणीस बांधून टाकतील. म्हणजे शिंगें राहतील आणि हिंडणें जाईल. गायीला विचारतां आलें असतें तर तिनें काय निवडलें असतें? शिंगांसह दावें, कीं शिंगांवांचून मोकळीक? प्राणिसंरक्षक संस्थांतहि यावर एकवाक्यता नव्हती. २५ नोव्हेंबर २०१८ रोजीं मतदान झालें आणि शेंकडा ५४.७ मतांनीं प्रस्ताव पडला. एका शेतकऱ्यानें अर्ध्या राष्ट्रास एक दिवस गायीच्या डोक्याविषयीं विचार करावयास लाविलें, हें कांहीं थोडें नव्हे.

२०२२ च्या सप्टेंबरच्या २५ तारखेस याहून मोठा प्रस्ताव आला. कारखानदारी पद्धतीचें पशुपालन पंचवीस वर्षांत बंद व्हावें. सेंद्रिय शेतीवाल्यांनीं आपल्यासाठीं घालून घेतलेले नियम सर्वांनाच लागू व्हावेत. आणि परदेशांतून येणाऱ्या मांसासहि तींच मापें लावावींत. विरोधकांचें म्हणणें असें कीं, आमच्या देशांत कारखानदारी पशुपालन आहेच कोठें? आमचा कायदा जगांत कडक, आमच्या कळपांस मर्यादा. म्हणजे १९७८ चें यश हेंच २०२२ मध्यें पुढें न जाण्याचें कारण ठरलें. शेंकडा ६२.९ मतें विरुद्ध पडलीं. सर्व कँटनांत एकट्या बाझल शहरानें होकार दिला. बाझल शहर हें मतमोजणींत अर्धें धरलें जातें, आणि तेथें शेतीभाती जवळजवळ नाहीं. खेड्यांतील माणसें यावर म्हणालीं कीं, ज्यांच्या दारीं गोठा नाहीं त्यांना गोठ्याची व्यवस्था सुचते. हा टोमणा सर्वस्वीं खोटा म्हणवत नाहीं; पण ते शहरवासीच दूध, अंडीं आणि मांस विकत घेतात, तेव्हां त्यांचा संबंध नाहीं असेंहि कसें म्हणावें?

अमेरिकेंत कांहीं संस्थानांनीं याच वाटेनें जाऊन निराळा शेवट गांठला आहे. फ्लॉरिडानें २००२ सालीं गाभण डुकरिणींना अंग वळवितां न येणाऱ्या खोड्यांत ठेवण्यास मतदानानें मनाई केली. २००८ मध्यें कॅलिफोर्नियानें कोंबड्या, वासरें आणि डुकरिणी या तिघांसाठीं शेंकडा ६३ हून अधिक मतें दिलीं. २०१८ मध्यें तेथील मतदार आणखी पुढें गेले आणि बाहेरून येणारा मालहि त्याच मापाचा नसेल तर तो विकूं नये असें त्यांनीं ठरविलें. डुकरांच्या व्यापाऱ्यांनीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत धांव घेतली. ११ मे २०२३ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं तो कायदा टिकला. जें कॅलिफोर्नियाच्या ग्राहकांनीं पत्करलें, तेंच स्विस ग्राहकांनीं नाकारलें.

आपल्याकडे असे प्रश्न मतपेटीपर्यंत येत नाहींत. ते न्यायालयांत आणि विधिमंडळांत सुटतात. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली, २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त केला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोकांना सरळ विचारलें असतें तर कौल कोणीकडे पडला असता, याची अटकळ खेड कीं जुन्नरच्या घाटावर उभें राहून बांधल्यास एक येईल, पुण्याच्या पेठेंत बसून बांधल्यास दुसरी.

स्वित्झर्लंडमध्यें परदेशीं अंडीं अजूनहि येतात. पिंजऱ्यांतील अंडीं आणण्यास मनाई नाहीं. मात्र त्यांच्या वेष्टनावर, हीं अंडीं स्वित्झर्लंडमध्यें परवानगी नसलेल्या पिंजऱ्यांतील आहेत, असें छापावें लागतें. २०२५ च्या जुलैपासून या यादींत आणखी भर पडली आहे. भूल न देतां ज्यांचीं शिंगें काढलीं किंवा ज्यांना खच्ची केलें, अशा जनावरांच्या मांसावरहि तसें लिहावें लागणार असून, त्यासाठीं दुकानदारांना दोन वर्षांची मुदत दिली आहे.